बाणांना पिसं घरी लावायचीत? आधी क्लॅम्प ठरवा, मग जिग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) चालवता, सध्या कार्बनचे बारीक बाण आहेत, इनडोअरसाठी जाड ॲल्युमिनियमचे घ्यायचेत, पुढेमागे लाकडी बाणांवर खरी पिसं लावून बघायची हौस आहे. दर वेळी दुसऱ्याच्या हातापाया पडून व्हेन (प्लॅस्टिकची पिसं) लावून घ्यायचा कंटाळा आलाय. समोर तीन जिग (पिसं चिकटवताना बाण धरून ठेवणारी साधनं) आहेत, एक साधं प्लॅस्टिकचं, एक तिन्ही पिसं एकदम चिकटवणारं आणि एक धातूचं जड, महागातलं. यातलं कोणतं?

माझं सरळ उत्तर: एका वेळी एकच पीस लावणारं, कोन कमीजास्त करता येणारं, आणि लोहचुंबकावर बसणारा धातूचा क्लॅम्प (पीस पकडणारा चिमटा) असलेलं जिग घ्या. सुरुवातीला सरळ क्लॅम्प घ्या. लाकडी बाणांचं खरंच मनावर घ्याल तेव्हा हेलिकल, म्हणजे पिळलेल्या जबड्यांचा, क्लॅम्प वेगळा घ्या. आता हे का, ते सांगतो, कारण तुमचे बाण तीन प्रकारचे आहेत आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

जिग करतं काय तर बाणाला नॉकमधून (दोरीत अडकणारं खाचेचं मागचं टोक) धरतं, वरच्या बाजूला एका खाचेत टेकवतं, क्लॅम्पमधलं पीस ठरलेल्या कोनात शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांडीवर, आणून टेकवतं, आणि एक पीस झालं की बाण १२० अंशात फिरवून पुढच्यासाठी तयार ठेवतं. नवीन माणूस यातलं फक्त ते १२० अंशाचं धरून बसतो. डायल किती अचूक, क्लिक कसा लागतो, वगैरे वगैरे. खरं सांगू का, ते सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. ५.५ मिमी जाडीच्या शाफ्टचा घेर साधारण १७.३ मिमी होतो, म्हणजे एक अंश चुकला तर पीस सरकणार ०.०५ मिमी. केसाएवढं. बाणाला ते कळतही नाही. कळतं ते दुसरंच. पिसाचा तिरकेपणा प्रत्येक बाणावर सारखा आहे का, नॉकपासूनचं अंतर सारखं आहे का, आणि पिसाचा तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत शाफ्टला पूर्ण चिकटलाय का. जिग विकत घेताना या तीन गोष्टी बघायच्या, बाकी सगळा साजशृंगार.

तिरकेपणाचं कारण माहीत असेलच, तरी सांगतो. पीस जरासं तिरकं बसवलं की हवा त्याच्यावर एका बाजूने दाबते आणि बाण स्वतःभोवती फिरायला लागतो, फिरणारा बाण लवकर स्थिर होतो. पण फुकट काहीच नाही, जितका तिरकेपणा जास्त तितका हवेचा अडथळा जास्त आणि लांबच्या अंतरावर बाण तितका खाली पडतो. म्हणून एकाच डझनात काही बाण १ अंशाचे आणि काही ३ अंशाचे झाले तर ते वरखाली पसरणार, तुम्ही कितीही नीट सोडा.

याचा मला चांगलाच फटका बसलाय. सुरुवातीच्या काळात सहा बाण मित्राच्या जिगवर केले, त्याचं जिग त्याला परत हवं होतं म्हणून उरलेले सहा माझ्या नव्या जिगवर केले. डोळ्याला फरक शून्य, शेजारी शेजारी ठेवले तरी कळेना. १८ मीटरवर सगळे एकत्र पडायचे म्हणून मी खूष. मग ५० मीटरवर गेलो तर दोन ग्रुप, एक वर एक खाली. दोन आठवडे मी माझ्या रिलीजला (बाण सोडण्याच्या पद्धतीला) शिव्या देत होतो, कोचने पण कोपर खाली येतंय वगैरे सांगून झालं. शेवटी कंटाळून बाणांवर नंबर टाकले तेव्हा लक्षात आलं की खालचे सगळे दुसऱ्या जिगचे. तेव्हापासूनचा नियम, एक सेट एकाच जिगवर, एकाच बैठकीत, आणि मध्ये स्क्रूला हात लावायचा नाही. एवढं पाळलंत तर साध्या प्लॅस्टिकच्या जिगवरसुद्धा उत्तम बाण होतात, हे मी आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर म्हणाल हा माणूस महागातलंच घ्यायला सांगतोय.

आता बारीक शाफ्टची गंमत बघा, कारण तुमचा मुख्य बाण तोच आहे. पिसाचा किंवा व्हेनचा तळ सरळ असतो आणि शाफ्ट गोल. सरळ पट्टी गोल नळीवर तिरकी ठेवली की मध्यभागी टेकते आणि दोन्ही टोकं अधांतरी राहतात. किती? ५.५ मिमीच्या शाफ्टवर १०० मिमी लांबीचं पीस २ अंश तिरकं ठेवलं तर हिशोबाने टोकाशी साधारण ०.६ मिमी फट पडते. तेच पीस ९ मिमीच्या जाड शाफ्टवर ठेवलं तर फट ०.३५ मिमीच्या आसपास. आणि बारीक शाफ्टवरच ५० मिमीची छोटी व्हेन ठेवली तर फक्त ०.१४ मिमी, जी गोंदानेच भरून निघते. म्हणजे बारीक बाणाला छोटी व्हेन आणि हलका तिरकेपणा असं सगळे सांगतात ते उगाच नाही. आणि त्यासाठी सरळ क्लॅम्पच पुरतो, तो जरासा तिरका केला की झालं, त्यालाच ऑफसेट म्हणतात. १ ते २ अंश ठेवा, पुरे.

हेलिकल म्हणजे वेगळी गोष्ट. तिथे क्लॅम्पचे जबडेच पिळलेले असतात, त्यामुळे पीस शाफ्टभोवती वळसा घेऊन बसतं आणि तळ सगळीकडे टेकतो. लांब खऱ्या पिसांना हे फार छान लागू पडतं, पीस मऊ असतं, निमूट वळतं. पण तोच क्लॅम्प घेऊन बारीक कार्बनवर कडक प्लॅस्टिकची बुटकी व्हेन बसवायला गेलात तर बऱ्याचदा पुढचं किंवा मागचं एक टोक उचललेलं राहतं, कारण क्लॅम्पचा पीळ एका जाडीच्या शाफ्टच्या हिशोबाने दिलेला असतो आणि तुमचा शाफ्ट त्याहून बराच बारीक. काही कंपन्या बुटक्या व्हेनसाठी वेगळा हेलिकल क्लॅम्प काढतात, तो असेल तर ठीक. नाहीतर एकच हेलिकल क्लॅम्प घेऊन सगळं भागवू असं ठरवू नका.

इथे एक गोष्ट मीच तुम्हाला विचारायला हवी होती. तुमच्या कार्बनवर सध्या काय आहे, सपाट प्लॅस्टिकची व्हेन की ती गुंडाळलेल्या पातळ फिल्मची स्पिन व्हेन? ७० मीटरवाले रिकर्व्ह आर्चर बहुतेक स्पिन लावतात, आणि ती तुमचीही असेल तर वरचं सगळं तूर्त बाजूला ठेवा, कारण स्पिन व्हेन क्लॅम्पमध्ये धरतच नाहीत. ती दुहेरी टेपने हाताने बसते, आणि दोन्ही टोकांना बारीक पट्टी गुंडाळून पक्की करतात. तिला लागतात फक्त शाफ्टवर अचूक आखलेल्या तीन रेषा आणि पुढची मर्यादा दाखवणारी एक आडवी खूण. त्यासाठी बाइटरचं ट्रायलायनर आहे, रेषा आखायचंच साधन, तसलीच इतरही मिळतात. क्लॅम्पवालं जिग असेल तर त्यातही बाण बसवून क्लॅम्पच्या कडेने बारीक पेनने रेष मारता येते, मी कितीतरी वर्षं तेच केलं. फक्त स्पिन डाव्या आणि उजव्या हाताची वेगळी येते, पाकीट बघून घ्या.

आता तुमचे तीन पर्याय एकेक करून.

प्लॅस्टिकचं एकेरी जिग वाईट नसतं. हलकं असतं, पिशवीत जातं. त्याचं दुखणं म्हणजे ते लवतं. क्लॅम्प दाबला की अख्खा खांब अर्धा मिलीमीटर मागे जातो, आणि दर वेळी तुम्ही सारख्याच जोराने दाबता असं नाही. शिवाय क्लॅम्प ज्या खोबणीत सरकतो ती खोबणी वर्षभरात झिजते. आणि महत्त्वाचं, ॲसिटोन. मी एकदा वाळलेला गोंद काढायला ॲसिटोनचा बोळा घेऊन जिग पुसायला बसलो, वरची शाफ्ट टेकायची खाच डोळ्यांदेखत चिकट झाली, बोट लावलं तर बोटाचा ठसा उठला. तो ठसा अजून आहे. बऱ्याच प्लॅस्टिकना ॲसिटोन विरघळवतं, त्यामुळे प्लॅस्टिकचं जिग घेतलंत तर ते अल्कोहोलने पुसा, तेही जपून.

तिन्ही पिसं एकदम लावणारी जिग, म्हणजे ॲरिझोना ईझी फ्लेच किंवा बोनिंगचं टॉवर या जातीची, फार हुशार वस्तू आहे. तीन पाकळ्यांमध्ये तीन व्हेन अडकवायच्या, गोंद लावायचा, पाकळ्या मिटल्या की तिन्ही एकदम शाफ्टला टेकतात. वेगवान, आणि चुकायला फारशी जागाच नाही. ज्याचा एकच प्रकारचा बाण आहे, एकच व्हेन आहे आणि दर महिन्याला पाच-सहा बाण दुरुस्त करायचे असतात त्याने डोळे मिटून घ्यावं. पण कोन कारखान्यात ठरलेला, शाफ्टच्या जाडीला मर्यादा, व्हेनच्या लांबीला मर्यादा, चार पिसं लावायची झाली तर विषयच संपला. तुमच्याकडे बारीक कार्बन, जाड ॲल्युमिनियम आणि लाकूड असे तिघे आहेत, तुम्हाला बहुतेक दोन वेगवेगळी घ्यावी लागतील आणि तरी तिसरा उपाशीच राहील.

एकाच वेळी सहा बाण धरणारी मल्टी जिगसुद्धा मिळतात, जो जॅनचं प्रसिद्ध आहे. तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल, म्हणून सांगतो. ती घ्यायची की नाही ते तुमचा गोंद ठरवतो. सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपला तो झटपट चिकटणारा प्रकार, वापरलात तर एक पीस अर्ध्या मिनिटात धरतं, १२ बाणांची ३६ पिसं एकेरी जिगवर निवांत गप्पा मारत पाऊण-एक तासात होतात. पण लाकडी बाणांसाठी जुन्या पद्धतीचा हळू वाळणारा सिमेंटसारखा गोंद वापरलात आणि प्रत्येक पिसाला १० मिनिटं क्लॅम्पमध्ये ठेवलं तर तीच ३६ पिसं सहा तास खाणार, अख्खा दिवस भिजत घोंगडं. तिथे सहा बाणांचं जिग एका तासात मोकळं करतं. फक्त लक्षात ठेवा की सहा घरं म्हणजे सहा क्लॅम्प, आणि सहाही क्लॅम्प हुबेहूब सारखे बसवणं हे तुमचं काम. सहापैकी एक जरी वेगळा निघाला तरी डझनात दोन बाण वेगळे. तुमच्यासारख्या एकट्यासाठी झटपट गोंद असेल तर हे नाकापेक्षा मोती जड.

राहिलं धातूचं. बिट्झेनबर्गर हे यातलं जुनं नाव, त्याच्या धर्तीवरची आता बरीच आहेत. सरळ, उजवा हेलिकल आणि डावा हेलिकल असे क्लॅम्प वेगवेगळे मिळतात, क्लॅम्प चुंबकावर चपकन बसतो, खालीवर दोन्हीकडे स्क्रू असतात त्यांनी क्लॅम्पचा कोन आणि शाफ्टच्या मध्यापासूनची जागा हवी तशी हलवता येते. नीट लावून घेतलंत तर पिढ्यान्‌पिढ्या चालणारी वस्तू आहे. पण तेच स्क्रू हे त्याचं दुखणंही आहे. डब्यातून काढलं आणि लगेच बाण बसवला असं होत नाही. पहिली संध्याकाळ नुसती लावण्यात जाते, आणि ज्याला ते माहीत नसतं तो दुसऱ्याच दिवशी विकायला काढतो.

आणि तुमच्या बाबतीत आणखी एक भानगड. ५.५ मिमीचा शाफ्ट काढून ९.३ मिमीचा ठेवला (वर्ल्ड आर्चरी या जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमात शाफ्टची कमाल जाडी तेवढीच आहे, बरेच जण इनडोअरला तिथपर्यंत जातात) की शाफ्टचा पृष्ठभाग क्लॅम्पच्या दिशेने जवळजवळ २ मिमी पुढे येतो. म्हणजे पहिलं सगळं सेटिंग गेलं. इनडोअरचा मोसम संपला की परत उलट. मी यावर उपाय म्हणून प्रत्येक सेटिंगला एक नमुना बाण ठेवलाय, अगदी नीट झालेला, त्यावर स्केचपेनने तारीख आणि क्लॅम्प कोणता ते लिहिलेलं. परत लावताना तो बाण जिगमध्ये ठेवायचा, रिकामा क्लॅम्प त्याच्या पिसावर उतरवायचा आणि पीस जबड्यात कुठेही न वाकता अलगद जाईपर्यंत स्क्रू फिरवायचे. पाच-दहा मिनिटांत आधीचं सेटिंग परत मिळतं. हे कोणी मला पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर माझे बरेच रविवार वाचले असते.

दुकानात म्हणा किंवा मित्राकडे म्हणा, जिग हातात आलं की ते चांगलं की वाईट हे गोंदाचा थेंबही न लावता कळतं. एक साधा शाफ्ट आणि टोक काढलेली पेन्सिल न्या. शाफ्ट जिगमध्ये बसवा, क्लॅम्प खाली आणा, क्लॅम्पच्या कडेने बारीक रेष मारा. फिरवा, दुसरी रेष. फिरवा, तिसरी. आता परत फिरवून पहिल्या जागेवर या, क्लॅम्प पूर्ण काढून पुन्हा बसवा आणि पहिल्या रेषेवरच रेष मारा. दोन्ही रेषा एकच दिसल्या तर जिग चांगलं. दोन वेगळ्या दिसल्या तर ढिलाई कुठेतरी आहे, एकतर नॉकच्या बसणीत नाहीतर क्लॅम्पच्या खोबणीत. मग शाफ्ट बाहेर काढून पुन्हा ठेवा आणि परत तेच करा. या दुसऱ्या फेरीत बरीच देखणी जिग तोंडावर आपटतात.

दुसरी परीक्षा उजेडाची. क्लॅम्पमध्ये तुमचीच व्हेन धरा, गोंद न लावता शाफ्टवर टेकवा आणि मागे मोबाईलचा टॉर्च लावा. तळाखालून उजेड कुठून येतो ते बघा. मध्ये काळोख आणि टोकांना उजेड असेल तर कोन जास्त झालाय, कमी करा. एकाच टोकाला उजेड असेल तर क्लॅम्प मध्यावर नाही, त्या टोकाचा स्क्रू हलवा. कुठूनच उजेड येत नाही ना, मग स्क्रू घट्ट करा आणि विसरून जा.

आणि नॉक! तुमच्या बारीक कार्बनला पिन नॉक असेल तर तो लहान असतो, इनडोअरच्या जाड बाणाचा नॉक मोठा, लाकडाला चिकटवायचा तिसराच. जिगच्या तळाशी जी पट्टी नॉकच्या खाचेत जाते ती एका जाडीची. मोठ्या नॉकसाठीची पट्टी लहान नॉकमध्ये जाणारच नाही, आणि लहानासाठीची मोठ्यात खुळखुळणार. चांगल्या जिगना ही पट्टी बदलून मिळते, घ्यायच्या आधी विचारा. खुळखुळत असेल आणि बदलून मिळत नसेल तर पट्टीला पातळ टेपचा एक वेढा देऊन बघा, जुगाड आहे पण चालतो. आत घालता येणारा किंवा पिनवरचा नॉक असेल तर पिसं लावून झाल्यावर तो फिरवून वेगळ्या रंगाचं पीस हवं तिथे आणता येतं, त्यामुळे तिथे फार काळजी नाही. लाकडी बाणाचं मात्र तसं नाही, नॉक एकदा चिकटला की चिकटला. तिथे आधी शाफ्टच्या टोकावर लाकडाच्या रेघा बघायच्या, नॉकची खाच त्या रेघांना आडवी येईल असा नॉक चिकटवायचा, आणि मगच जिग. जिग सगळी मापं नॉकवरून घेतं, नॉक वाकडा तर सगळंच वाकडं.

खऱ्या पिसांचं एक पथ्य आहे, ते न पाळल्यामुळे मी एकदा अख्खं पाकीट वाया घालवलंय. पीस डाव्या पंखाचं असतं किंवा उजव्या, आणि त्याचा नैसर्गिक बाक त्याप्रमाणे एका बाजूला असतो. उजव्या पंखाचं पीस उजव्या हेलिकलमध्ये, डाव्याचं डाव्यात. उलट केलंत तर पीस स्वतःच्या बाकाशी भांडत राहतं आणि तळ कधीच नीट बसत नाही. सरळ क्लॅम्प जरासा तिरका करत असाल तरी दिशा हीच पाळा. आणि एका बाणावर दोन्ही पंखांची सरमिसळ कधीच नको. ओळखायला सोपं आहे, दोन पिसं एकमेकांवर ठेवा, एकाच पंखाची असतील तर एकात एक बसतात, नसतील तर आरशातल्यासारखी उलटी दिसतात. तुम्ही उजव्या हाताचे की डावखुरे याचा याच्याशी काही संबंध नाही, हा गैरसमज फार पसरलाय. म्हणून आधी तुम्हाला कोणत्या पंखाची पिसं सहज मिळतात ते बघा आणि त्यावरून हेलिकल क्लॅम्प घ्या. मी उलटं केलं, क्लॅम्प आधी घेतला, तो निघाला डावा, आणि घरात पिसं पडलेली सगळी उजवी.

तसं बघायला गेलं तर जिगशिवायही जगलंच की जग. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी युद्धनौकेवर साडेतीन हजारांवर बाण सापडले, त्यांच्या शेपटीला गोंदाच्या आणि रेशमी दोऱ्याच्या गुंडाळीच्या खुणा होत्या. तिथे क्लॅम्पचं काम तो दोराच करतो, पिसाच्या केसांमधून वाट काढत मागून पुढे वेढे देत जायचं. करून बघा एकदा हौसेने, लाकडी बाणाला शोभतं पण फार. पण स्पर्धेचा डझन त्या पद्धतीने सारखा करायला जे हात लागतात ते माझ्याकडे तरी नाहीत.

वापरतानाच्या चार गोष्टी सांगतो, कारण जिग कितीही भारी घेतलं तरी इथे चुकलं की व्हेन तिसऱ्या दिवशी हातात येते आणि दोष जिगला. शाफ्ट अल्कोहोलने पुसा, पुसल्यावर तिथे बोट लावायचं नाही. कार्बनवर नुसतं पुसणं पुरलं नाही तर अगदी बारीक घासपट्टी हलकेच फिरवा, चमक जाण्यापुरती, तंतू उघडे पडेपर्यंत नाही. लाकडी बाणावर ॲसिटोन चुकूनही नको, वॉर्निश सोलून निघेल. व्हेनचा तळही पुसा, कारखान्यातून येताना त्यावर तेलकट थर असू शकतो. नॉकच्या खाचेपासून पिसाच्या मागच्या टोकापर्यंत साधारण २५ ते ३० मिमी सोडा म्हणजे बोटं पिसाला लागत नाहीत, आणि ते अंतर क्लॅम्पवरच पेनने रेष मारून ठेवा. बऱ्याच क्लॅम्पवर खुणा छापलेल्या असतात पण त्या आपल्या डोळ्याला वर्षभरात दिसेनाशा होतात.

व्हेन क्लॅम्पमध्ये धरताना तळ जबड्याच्या जरासाच बाहेर राहू द्या. कमी राहिला तर गोंद जबड्याला लागणार, जास्त राहिला तर तळ वाकडा होणार. गोंद अगदी बारीक रेघेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जेवढा पुरेल वाटतो त्याच्या निम्मा. मग क्लॅम्प चुंबकाला टेकवून वरून खाली सरकवत आणा, तळ शाफ्टला टेकला की अंगठ्याने वरून एकदाच दाबा, तीस मोजा. काढताना सगळे चुकतात ती गोष्ट अशी, क्लॅम्प ओढायचा नाही. आधी क्लॅम्प दाबून जबडे पूर्ण उघडायचे, मग तो सरळ मागे घ्यायचा. नुसता ओढलात तर नुकतंच धरलेलं टोक उचललं जातं, ते तेव्हा दिसत नाही, मैदानावर दिसतं. तिन्ही झाल्यावर प्रत्येक पिसाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला गोंदाचा एकेक बारीक ठिपका. पुढचा ठिपका जास्त महत्त्वाचा, बाण टार्गेटमध्ये खोल घुसतो तेव्हा व्हेन तिथूनच सुटायला सुरुवात होते. जबड्यांच्या कडेला कधीतरी मेणबत्तीचं मेण हलकं घासून ठेवा, गोंद चिकटत नाही. फक्त ते मेण तळाला लागू देऊ नका, नाहीतर तिथे गोंद कधीच धरणार नाही.

वापरलेलं जिग मिळत असेल तर धातूचं बिनधास्त घ्या, प्लॅस्टिकचं नको. धातूच्यात बघायचं एवढंच की जबडे मिटल्यावर मधून उजेड दिसत नाही ना, आणि फिरवताना प्रत्येक घर ठामपणे लागतंय ना. वाळलेला गोंद काय, निघतो.

म्हणजे तुमच्यापुरतं असं: धातूचं एकेरी जिग, सरळ क्लॅम्प, लहान आणि मोठ्या नॉकसाठी दोन पट्ट्या. कार्बनवर स्पिन असेल तर त्याच जिगवर रेषा आखा. पहिल्या संध्याकाळी फक्त एकच बाण करा, तुमचा जुना, खराब झालेला घ्या त्यासाठी. रात्रभर ठेवा, सकाळी व्हेन बोटाच्या चिमटीत धरून बाजूला ओढून बघा. फाटली पण तळ सुटला नाही तर बाकीचे अकरा करायला बसा. तळ सालीसारखा अख्खा निघाला तर जिगला हात लावू नका, पुसण्यातच काहीतरी राहिलंय.